डुक्कर फियाटची बिनजोड

मोटार क्लबाच्या जाड नोंदवहीत त्या गाडीचा स्पर्धांतला इतिहास साडेचार ओळींत उरकलेला आहे. फियाट अकराशे, मॉडेल १९५६, रंग करडा. चालक देवराम दामाजी केणे, कोपर, डोंबिवली पश्चिम. नॅव्हिगेटर गुरुदत्त सबनीस, टेंभी नाका, ठाणे. १९८३ ते १९९४, सहभाग बारा वेळा, प्रथम क्रमांक एकदा. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे आणि लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त त्यातून कुणाला काडीचं काही कळत नाही. गाडीला अख्खा ठाणे जिल्हा डुक्कर म्हणायचा, हेसुद्धा तिथे नाही.

आता डुक्कर ही काही देवरामने दिलेली शिवी नव्हती. त्या मॉडेलला त्या काळी सगळेच डुक्कर फियाट म्हणत. गोल पाठ, बुटकं नाक, आणि पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटायला लावणारी चाल. पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागे आणि मूठ पुढे, त्यामुळे उतरताना माणूस दारातून निघाल्यासारखा नाही, कपाटातून पडल्यासारखा दिसायचा. गाडी सबनीसांच्या वडिलांनी घेतलेली. सबनीसांच्या आई तिला 'मोटार' म्हणत, आणि दसऱ्याच्या पूजेला कुणी तो दुसरा शब्द काढलाच तर हळदी-कुंकवाचं तबक खाली ठेवून त्याच्याकडे अशा बघत की माणूस आपणहून बाहेर जाऊन उभा राही.

देवराम त्या गाडीत कसा येऊन बसला, हे सांगायचं तर आधी बैलांपासून सुरुवात करायला हवी. त्याचे वडील दामाजी केणे हे कोपरच्या खाडीकाठचे आगरी. भाताची थोडी खाचरं, खाडीत बोक्शीचं जाळं लावून मिळेल ती कोळंबी, आणि या सगळ्यापेक्षा वरचढ म्हणजे शर्यतीच्या बैलांची जोडी, पाखऱ्या आणि चंद्या. घरात पोरांना दूध नसलं तरी चालेल, पण पाखऱ्याला रोज अंडी. आमच्याकडची शर्यत बिनजोडची. म्हणजे दोनच छकडे, शेजारी शेजारी सोडायचे, मध्ये कुठलं गणित नाही. पुढे गेला तो जिंकला, मागे राहिला तो हरला, आणि दोघं बरोबर आले तर मारामारी. दामाजीच्या जोडीने कल्याणपासून पनवेलपर्यंतची मैदानं मारली होती आणि त्या मैदानांची नावं तो लोकांना न विचारता सांगायचा.

देवराम त्याचा एकुलता एक मुलगा. बाराव्या वर्षी बापाने त्याला छकड्यावर उभं केलं. पाखऱ्याने शेपूट उडवली, चंद्याने कान हलवला, आणि देवराम शेजारच्या वांग्याच्या वाफ्यात पाठीवर पडलेला सापडला. दोनदा, तीनदा असंच झालं. चौथ्या खेपेला दामाजीने कासरा त्याच्या हातातून घेतला आणि शांतपणे सांगून टाकलं,

"याचा हात बैलावर बसत नाय. याला शर्यत जमाची नाय."

चिडून बोलला असता तर मुलगा विसरला असता. तो हवापाण्याविषयी बोलावं तसं बोलला, आणि ते देवरामच्या मनात रुतून बसलं. पुढे तो डोंबिवलीत गॅरेजला लागला, दहा वर्षांनी स्टेशनच्या पश्चिमेला पत्र्याची स्वतःची शेड टाकली, गंगूबाईशी लग्न झालं, लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. इंजिनाचा आवाज कान लावून ऐकायचा आणि कुठला व्हॉल्व्ह रडतोय ते सांगायचा. पण कुठेही शर्यतीचा विषय निघाला की हा मोठा माणूस बोटाची नखं बघत बसे. बापाने एकदा, फक्त एकदा 'जिंकलास' म्हणावं, एवढं एक त्याला हवं होतं. हे त्याने गंगूबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला अर्थातच लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

गुरुदत्त सबनीस गॅरेजमध्ये आले ते ब्याऐंशी साली. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, अविवाहित, दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. का, तर एक चुकलं तर दुसरं सांगेल. दोन्ही वेगळी वेळ दाखवू लागली तर काय, असं देवरामने विचारलं तेव्हा सबनीसांनी खिशातून तिसरं काढलं. माणसाला एकच व्यसन होतं, आकडेमोड. हॉटेलात चहा मागवला की तो किती सेकंदांनी आला ते टिपून ठेवायचे. गाडी चालवताना मात्र पूर आलेली नदी ओलांडतोय अशी तोंडावर भीती.

"देवराम, आमच्या क्लबाची रॅली आहे जानेवारीत," सबनीस म्हणाले. "गाडी माझी, हिशेब माझा, स्टिअरिंगवर तू बसायचंस."

"रॅली म्हंजे काय साहेब?"

इथे सबनीसांनी घात केला. रॅली म्हणजे दिलेल्या मार्गाने, दिलेल्या सरासरी वेगाने जाऊन प्रत्येक नाक्यावर नेमक्या मिनिटाला पोचणं. उशिरा आलात तर मिनिटाला एक गुण दंड, लवकर आलात तर मिनिटाला दोन. दंड सगळ्यात कमी तो पहिला. एवढं सगळं सांगायचं सोडून, मिस्त्रीला सोपं पडावं म्हणून सबनीस म्हणाले, "म्हणजे शर्यत रे."

देवरामला दुसरं काही ऐकायची गरजच उरली नाही.

पहिल्या रॅलीत चौतीस गाड्या होत्या. ठाण्याहून एकेका मिनिटाने सुटल्या, शहापूरकडून मुरबाडला वळसा घालून कल्याणला यायचं. डुक्कर एकोणिसाव्या नंबरावर सुटलं आणि भिवंडीच्या आत त्याने नऊ गाड्यांना मागे टाकलं. सबनीस मांडीवर तक्ते घेऊन "हळू! अरे हळू! सरासरी अडतीस!" म्हणून ओरडत होते. देवरामला वाटलं साहेब घाबरलेत. तो त्यांना धीर देत होता. "काय होनार नाय साहेब, दार धरून बसा." पुढे जीपा, नव्या कोऱ्या गाड्या, बड्या घरची पोरं डोळ्यांना काळे चष्मे लावून, आणि त्यांच्यामधून हे करडं डुक्कर रानात घुसावं तसं घुसत गेलं. कल्याणला ते सगळ्यांच्या आधी पोचलं. तंबूत टेबल-खुर्च्या लावणाऱ्या माणसांनी विचारलं, तुम्ही केटरिंगवाले का?

संध्याकाळी निकाल लागला. चौतीसांत चौतिसावे. गाडी बंद पडून टेंपोत घालून आणलेला एकजण होता, तोही यांच्या वर होता.

"पण आपन पयले आलो ना?" देवरामने चार-चारदा विचारलं.

"तेच तर झालं ना, गाढवा!" सबनीस म्हणाले, आणि मग आयुष्यात प्रथमच कुणाला तरी गाढव म्हणाल्याबद्दल त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी देवरामला दोन प्लेट मिसळ खायला घातली.

घरी दामाजी अंगणात बोक्शीची जाळी विणत बसला होता. देवरामने सगळं खरं खरं सांगितलं. बापाने सुई खाली ठेवली.

"पयला पोचलास?"

"हो."

"नि हरलास?"

"हो बाबा."

"मंग त्या गारीत बैल तूच असशील," दामाजी म्हणाला आणि पुन्हा विणायला लागला.

इथून पुढची सहा वर्षं या गाडीचा इतिहास म्हणजे देवरामच्या उजव्या पायाचा इतिहास आहे. नियम त्याला समजला होता. अगदी पाठ झाला होता. गॅरेजात येणाऱ्या रिक्षावाल्यांना तो समजावून सांगायचा. पण समोर दुसऱ्या गाडीचं बूड दिसलं की डोक्यातलं सगळं ज्ञान डोक्यातच राहायचं आणि पाय खाली जायचा. एका वर्षी दगड लागून पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं, तेव्हा त्याने कपड्यांच्या साबणाची वडी मळून भोक बुजवलं आणि तरीही सतरा मिनिटं लवकर पोचला. पुढच्या वर्षी सबनीसांनी ॲक्सिलरेटरखाली लाकडाचा ठोकळा बसवून घेतला. शहाडच्या पुलावर देवरामने तो लाथेने उडवला. असल्या बाबतीत पाय माणसाचं ऐकत नाही, असं त्याचं म्हणणं. सबनीस दर वर्षी म्हणत, पुढच्या वर्षी दुसरा ड्रायव्हर बघतो. आणि दर डिसेंबरात डुक्कर घेऊन त्याच्याच शेडपाशी येऊन उभे राहत. हिशेबी माणसाने असं का करावं, याचा हिशेब त्यांनाही लागला नसावा. बहुधा टेंभी नाक्यावरच्या त्या निमूट घरात त्यांना वर्षातून एकदाही कुणावर ओरडता येत नसावं.

घरी विचारणा ठरलेली. पायरीवर चपला काढायच्या आत बापाचा प्रश्न, "कितवा?" देवराम सांगायचा, अठ्ठाविसावा, एकतिसावा. बाप मान हलवायचा. दामाजीच्या डोळ्यांत राग नसायचा, आणि तेच देवरामला सहन व्हायचं नाही.

एकोणनव्वद साली जे झालं ते मात्र निव्वळ आमच्या बोलीच्या कृपेने झालं. त्या वर्षी नंबर मिळाला तेवीस. इंजिन सकाळपासून तापत होतं, त्यामुळे देवरामला मनात असूनही पळता येत नव्हतं, आणि सबनीसांच्या तक्त्यांवर प्रथमच समाधानाची कळा आली होती. मुरबाडच्या पुढे लांबलचक उतार लागला. इंजिन गार झालं. गार इंजिन, मोकळा रस्ता आणि समोर पाच बुडं! सबनीसांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते आठ मिनिटं पुढे होते आणि अर्ध्या कोसावर नाका होता. मध्ये एक फाटा. तिथून उजवीकडचा चढ धरायचा. एरवी सबनीस 'चढ' असंच म्हणत. त्या दिवशी घाबरगुंडीत तोंडातून दुसराच शब्द निघाला.

"वर! देवराम, वर! वर घे!"

आता कोपरच्या आगरी बोलीत ड चा र होतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा. आणि वडाचा वर. फाट्याच्या डाव्या हाताला हा थोरला वड होता. साहेबांना वडाकडे जायचंय म्हटल्यावर देवरामने करकचून डावीकडे घेतलं. वडाला वळसा घालून डुक्कर एका पाड्यात शिरलं, खळ्यावरच्या कोंबड्या उधळल्या, एका म्हातारीने झाडू भिरकावला तो टपावर येऊन बसला, पुढे वाट एका गोठ्यात संपली, तिथून मागे येईपर्यंत दोघांचं एकमेकांच्या सात पिढ्यांना आठवून झालं. पुन्हा फाट्यावर येऊन चढ धरला आणि नाका गाठला तेव्हा टेबलापाशी बसलेल्या माणसाने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "कमाल आहे. सेकंदालासुद्धा धक्का नाही."

सबनीसांनी टपावरचा झाडू मागच्या सीटवर ठेवला आणि पुढचे दोन तास ते एक अक्षर बोलले नाहीत. बोललो तर पुन्हा बिघडेल या भीतीने.

त्या रॅलीत डुक्कर पहिलं आलं. बक्षीस घेताना सबनीसांनी भाषणात 'अचूक गणित आणि परस्परांतला सुसंवाद' असे शब्द वापरले. देवराम मागे उभा राहून खोकला.

पण खरी गंमत निराळीच होती. गंमत कसली, थट्टाच. त्या वर्षी गंगूबाईने सासऱ्याची मनधरणी करून त्याला प्रथमच कल्याणच्या मैदानावर आणलं होतं. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी, दामाजी दोरीला चिकटून उभा राहिला आणि येणारी एकेक गाडी मोजत राहिला. नंबर तेवीस असलेली, वेळ पाळणारी गाडी तेविसावीच येणार. आली. दामाजीने गंगूबाईला सांगितलं, चल घरी. निकाल लागून हातभर उंचीचा चषक घेऊन देवराम घरी आला तेव्हा म्हातारा जेवून बसला होता.

"बाबा, पयला नंबर."

"देवा, मना मोजता येतं," दामाजी म्हणाला. "बावीस गाऱ्या तुज्या पुरं गेल्या. डोल्यानी बगितल्या. ते लोका तुज्या साहेबाला भितात, म्हून दिला असल. मी कनाला सांगू? मना लाज वाटंल."

देवरामने समजवायचा प्रयत्न केला. हातातलं सोडून, चषक अंगणात ठेवून, मिनिटं, दंड, सरासरी, सगळं सांगितलं. बापाने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुजा पाखऱ्या पुरं पलाला त् तू त्याला मागं खेचशील?" देवराम गॅरेजात जाऊन एका माणसाची धडधाकट स्कूटर पूर्ण उघडून बसला. चषकात गंगूबाईने सुकट भरून ठेवली. झाकण घट्ट बसत असल्यामुळे मांजराला ते उघडता येत नसे, आणि एवढा उपयोग जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या चषकाचा झाला असेल असं वाटत नाही.

मग आलं चौऱ्याण्णव. सबनीसांचे गुडघे गेले होते, डुकराचा पत्रा हात लावील तिथे भुगा होत होता, आणि ही शेवटची खेप असं दोघांनीही ठरवलं. दामाजी अठ्ठ्याहत्तरीत पोचला होता. पाखऱ्या आणि चंद्या कधीच गेले. भाताच्या खाचरांत चार मजल्यांच्या इमारती आल्या होत्या. म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि नव्या नजरेने तो जगाकडे जरा संशयानेच बघायचा. रॅलीच्या आदल्या आठवड्यात त्याने आपणहून विचारलं,

"या टायमाला मी येतंय. तुजा नंबर कितवा?"

"दहा."

"सुटनार कवा?"

देवरामने वेळ सांगितली. म्हातारा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत राहिला. देवरामला वाटलं, नवस बोलतोय. बाबा पुन्हा येतोय, आणि बहुतेक शेवटचा येतोय, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

त्या दिवशी देवराम असा चालवत होता की सबनीस अधूनमधून त्याच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघत. अकरा वर्षांत प्रथमच पाय कह्यात होता. आंबिवलीच्या नाक्यावर आले तेव्हा दिवसभराचा दंड होता फक्त तीन. दुसऱ्या नंबरावरच्या गाडीचा नऊ. सबनीसांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"शेवटचा टप्पा. कल्याणचं मैदान, आठ किलोमीटर, सरासरी पंचवीस. चार वाजून सतरा मिनिटांनी पोचायचंय. चालत नेलीस तरी आपण जिंकलो, देवराम. अगदी गाणं म्हणत ने."

देवरामने गाणं म्हटलं नाही. पुढच्या सरळ रस्त्यावर त्याला लांबवर धुळीची एक ओळ दिसली. नऊ गाड्या. नऊ जण त्याच्या आधी मैदानात शिरणार, बाप दोरीला चिकटून नऊ मोजणार, आणि दहावा आपण. मग रात्री पुन्हा दुसरा चषक, पुन्हा मिनिटं आणि दंड, आणि म्हाताऱ्याचं ते न रागावता मान हलवणं. क्लबाच्या वहीत पहिला नंबर एकदा लागलाच होता. तो वाचायला कोण गेलं होतं?

"साहेब," तो म्हणाला, "मना माफ करा."

"का? काय झालं?"

"माजा बाप तिथं उभा हाय."

सबनीसांना क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवर हात टाकला. "देवराम, नको. अकरा वर्षं रे! अकरा वर्षं वाट बघितली मी अशा बिनचूक दिवसाची." त्यांचे डोळे भरले होते. देवरामने ते बघितलं आणि पाय आहे तिथेच धरून ठेवला. गाडी शंभरेक पावलं तशीच पंचविसाच्या चालीने गेली. मग सबनीसांनी हात काढून घेतला. तक्ते नीट घडी घालून खिशात ठेवले, दोन्ही मनगटांवरची घड्याळं काढून तिसऱ्याशेजारी टाकली, आणि म्हणाले, "बघतोस काय माझ्याकडे? तो पहिला निळा आहे ना, त्याला डावीकडून मार."

पुढची आठ मिनिटं त्या गाडीने जे केलं ते छप्पन्न सालच्या कुठल्याही यंत्राकडून कुणी अपेक्षू नये. मडगार्ड वाजत होतं, सायलेन्सर वालधुनीच्या अलीकडेच गळून पडला, आणि मोहोळ उठल्यासारखा आवाज करत डुक्कर सुटलं. एकेक गाडी मागे पडत होती आणि आतले लोक खिडकीतून हात काढून 'अहो, वेळ! वेळ!' असं भल्या मनाने ओरडून सांगत होते. सबनीस त्यांना उलट ओरडून सांगत होते, "खड्ड्यात गेली वेळ!" आयुष्यात एवढ्या मोठ्याने तो माणूस कधी बोलला नसेल. नववी गाडी मैदानाच्या वळणावर मागे पडली. दोरीपाशी उभ्या असलेल्या गर्दीसमोर डुक्कर सगळ्यांच्या आधी, मागे दुसरं कुणी दिसत नसताना, धुळीचा लोट घेऊन आत शिरलं.

देवराम त्या उलट्या दारातून अक्षरशः बाहेर पडला. गुडघा फुटला, त्याचं भान नाही. दोरीच्या पलीकडे बाप उभा होता, शेजारी गंगूबाई. तिच्या हातात घरातलं गजराचं घड्याळ होतं.

"बाबा, पयला आलो!" देवराम ओरडला. "बग, मागं कोन नाय!"

दामाजीने रस्त्याकडे पाहिलं. मग वाकून, नव्या डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन, सुनेच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

"चार नि सा," तो म्हणाला. "गंगे, चार सतरा ना?"

गंगूबाईने पदर तोंडाला लावला होता.

"अकरा मिन्टा लवकर आलास रं," दामाजी म्हणाला. "बावीस दंड."

देवराम त्याच्याकडे बघतच राहिला.

"महिना झाला शिकतात," गंगूबाई शेवटी म्हणाली. "तुमी गॅरेजला गेलाव का रोज दुपारी. म्हनलं, भात आधी उतरवला तरी कच्चा नि मागनं उतरवला तरी करपला, तशी ही शर्यत. मंग समजली त्यांना. एकोननव्वदची पन समजली. तुमच्या रॅलीच्या कागदावरनं हिशेब लावला नि कालपासून म्हनतात, चार सतराला देवा आला का मी सगल्यांच्या देखत त्याला जिंकलास म्हननार. तुमाला सांगाचा नाय म्हून शपथ घातलेली मना."

म्हातारा खाली बघत होता. "मना वाटला, तुना आवरंल," एवढंच तो म्हणाला. देवराम दोरीखालून वाकून पलीकडे गेला आणि बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला रडू फुटलं. चाळिशी ओलांडलेला, हात ग्रीसने माखलेला मिस्त्री, भर मैदानात, लहान पोरासारखा रडला. सबनीस लंगडत आले आणि काही न विचारता दुसऱ्या बाजूला उभे राहिले.

दोन मिनिटांनी एक नंबरची गाडी आली. मग दोन, मग तीन. प्रत्येक गाडीला दामाजी घड्याळ बघायचा आणि मान डोलवायचा. नऊ नंबरची आली चार वाजून सोळा मिनिटांनी. तिची धूळ खाली बसली. म्हाताऱ्याने देवरामचा दंड घट्ट धरला आणि चौघंही रस्त्याकडे बघत राहिले. चार सतराला तिथून कुणीच आलं नाही.